रोज समुद्र चढणारा मासा

आजच्या गोष्टीतला नायक माझ्या करंगळीएवढा आहे. लांबी साधारण पाच-सहा सेंटिमीटर. बेलापूरजवळच्या आपल्या दिवाळे कोळीवाड्याच्या मासळीबाजारात तो कधी दिसत नाही. कोळणींच्या पाटीत नसतो, कुणाच्या कालवणात पडत नाही, बोंबलांसारखा वलांडीवर वाळतही नाही. तरी अरबी समुद्रात त्याच्याइतक्या मोठ्या संख्येनं राहणारे मासे फार थोडे. आणि तो एक काम रोज करतो, वर्षाचे सगळे दिवस. संध्याकाळी तो समुद्र चढतो आणि पहाटे उतरतो.

त्याचं नाव कंदीलमासा. जगात कंदीलमाशांच्या सुमारे अडीचशे जाती आहेत. आपल्या नायकाची जात बेंथोसेमा टेरोटम. नाव जिभेला जड आहे, म्हणून आपण त्याला नुसतं कंदीलमासाच म्हणू.

“मग तो आपल्या खाडीत का येत नाही, आजोबा?”

चांगलं विचारलंस. चल, त्याच्या घरापर्यंत जाऊ, म्हणजे कळेल. दिवाळे कोळीवाड्यातून मनातल्या मनात होडी सोडू. दोन्ही काठांना तिवरं आहेत, पाणी गढूळ आहे, ओहोटी असेल तर चिखल उघडा पडलेला आहे. खाडी संपली, न्हावा-शेव्याच्या उंच क्रेन मागे पडल्या, घारापुरीला वळसा घातला आणि मुंबई बंदराच्या बाहेर आलो. आता सगळीकडे पाणीच पाणी. सांगा बरं, इथे खोली किती असेल?

“एक किलोमीटर!” धाकटीनं ठोकून दिलं.

नाही गं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे. तिथे १९७४ मध्ये समुद्राखाली खनिज तेल सापडलं. तिथेसुद्धा पाणी ७५ मीटरच्या आसपासच खोल आहे. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात समुद्रबूड जमीन असा शब्द आहे ना, ती ही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ती मुंबईसमोर फार रुंद पसरली आहे. होडी आणखी पश्चिमेला हाकली आणि जवळजवळ ३०० किलोमीटर गेलो, की तळ एकदम उतरायला लागतो. दोनशे मीटर, पाचशे, हजार, दोन हजार. पुस्तकातला खंडान्त उतार तो हाच. कंदीलमाशाचा मुलूख इथे सुरू होतो. आपली खाडी त्याच्या कामाची नाही, कारण त्याला खोली लागते आणि खोलीत असणारा काळोख लागतो.

आता होडी थांबवू आणि सरळ खाली उतरू.

पहिल्या काही मीटरांतच लाल रंग नाहीसा होतो. पाणी लाल प्रकाश सगळ्यांत आधी शोषून घेतं. मग नारिंगी जातो, पिवळा जातो, हिरवा विरत जातो. शेवटपर्यंत टिकतो तो निळा. दोनशे मीटरवर पोचलो की वरच्या उजेडाचा शंभरावा भागही उरलेला नसतो. तिथून हजार मीटरपर्यंतच्या पाण्याला संधिप्रकाशाचा पट्टा म्हणतात. वनस्पतींना अन्न तयार करता येईल एवढा उजेड तिथे नाही, पण डोळे तयार असतील तर वर कुठेतरी दिवस आहे हे कळण्याइतका आहे. पृष्ठभागावर पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, तीनशे मीटरवर ते १२ ते १४ अंशांपर्यंत थंड झालेलं असतं. दाब वाढत जातो. दर दहा मीटरला एका वातावरणाची भर पडते, म्हणजे तीनशे मीटरवर आपल्या अंगावर इथे असतो त्याच्या एकतीस पट दाब.

थंडी, काळोख आणि दाब तर जगातल्या सगळ्याच समुद्रांत आहेत. अरबी समुद्रात त्यांच्या जोडीला आणखी एक संकट आहे. तिथे श्वास घ्यायला प्राणवायू नाही.

असं का, ते नीट ऐका. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे समुद्र ढवळून काढतात. ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यांजवळ, थोड्या प्रमाणात आपल्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरही, खालचं खतावलेलं पाणी वर येतं. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती उदंड वाढतात. त्या मरतात, त्यांना खाणारे जीव मरतात, आणि हा सगळा कचरा हळूहळू खाली झरत राहतो. जिवाणू तो कुजवतात आणि कुजवताना पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. दुसऱ्या समुद्रांत ध्रुवाकडून थंड, ताजं पाणी येऊन ही तूट भरून काढतं. अरबी समुद्राला उत्तरेकडे जमिनीची भिंत आहे, वाट बंद. ताजं पाणी येतं ते दक्षिणेकडून, लांबून आणि सावकाश. खर्च मोठा आणि आवक तुटपुंजी, म्हणून साधारण १५० मीटरपासून हजार मीटरपर्यंत पाण्याचा एक जाडजूड थर जवळजवळ बिनप्राणवायूचा झाला आहे. त्याच्या गाभ्यात प्राणवायू पृष्ठभागाच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी असतो. जगातल्या अशा मोठ्या आणि तीव्र पट्ट्यांत आपल्या अरबी समुद्राचा नंबर फार वरचा आहे.

१९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ नावाचं इजिप्तचं एक जहाज जॉन मरे मोहिमेवर या समुद्रात फिरलं. मोहिमेचे प्रमुख होते सीमोर सेवेल, आधी कलकत्त्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक. ओमानकडच्या बाजूला त्यांनी तळावरून जाळी ओढली तर काही ठिकाणी ती रिकामी आली. चिखलाला कुजक्या अंड्याचा वास, आणि जिवंत म्हणावं असं काही नाही. असं पाहिल्यावर कुणालाही वाटेल, की या थरात राहायचं म्हटलं तर कोण राहील?

आपला कंदीलमासा राहतो. आणि तोही कोट्यवधींच्या संख्येनं.

आता त्याच्याकडे जवळून बघा. पाठ काळपट, बाजू चांदीच्या, आरशाइतक्या चकचकीत. डोळे डोक्याच्या मानानं केवढे मोठे! आपल्या डोळ्यांत रंग पाहणाऱ्या आणि मंद उजेड टिपणाऱ्या अशा दोन तऱ्हांच्या पेशी असतात. त्याच्या डोळ्यांत फक्त मंद उजेड टिपणाऱ्या, पण दाटीवाटीनं भरलेल्या. रंगांचा त्याला उपयोग नाही, जो काही निळा उजेड झिरपेल त्यातला कणसुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही. आणि पोटावर, कुशीवर, गालावर पाहा, ओळीनं मांडलेले गोल ठिपके दिसताहेत. हे त्याचे दिवे. प्रत्येक दिवा म्हणजे एक छोटी वाटी. वाटीच्या आत परावर्तक थर, तोंडावर जाड झालेलं पारदर्शक खवलं, तेच भिंग. आत दोन रसायनं भेटतात, प्राणवायूच्या साथीनं त्यांची क्रिया होते आणि निळा, थंड उजेड निघतो. किनाऱ्यावर कधीकधी लाटा निळ्या उजळतात, तो उजेड नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवाचा. समुद्रातल्या काही माशांच्या दिव्यांत उजेड देणारे जिवाणू पाळलेले असतात. कंदीलमाशाला मात्र दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही. त्याचा उजेड त्याच्या स्वतःच्या पेशींचा आहे आणि किती पेटायचं हे त्याच्या मज्जातंतूंच्या ताब्यात आहे.

या माशाला शास्त्राच्या वहीत नाव मिळालं १८९० मध्ये. ते दिलं आल्फ्रेड ॲल्कॉक या डॉक्टरनं. ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचं एक लाकडी जहाज होतं, दोन्ही बाजूंना चाकं असलेली आगबोट. ते १८८१ मध्ये आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. त्याचं मुख्य काम किनाऱ्यांची आणि खोलीची मोजणी, पण त्यावर एक डॉक्टर असायचा आणि आजाऱ्यांना औषध देऊन उरलेल्या वेळात तो समुद्रातले जीव गोळा करायचा. ॲल्कॉक १८८८ ते १८९२ त्या जहाजावर होता. भारताभोवतीच्या खोल समुद्रातल्या कितीतरी माशांची पहिली ओळख त्यानं लिहून ठेवली.

त्याच्याही आधी फ्रान्सिस डे यांनी भारतातल्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १८७० च्या दशकात छापून आला. त्यात एक गंमत आहे. कंदीलमासे ज्या कुळात घातले आहेत, त्याच कुळात आपला बोंबीलसुद्धा आहे! पुढे हाडांची रचना बारकाईनं तपासली, वंशावळी नव्यानं मांडल्या, तेव्हा दोघांची घरं वेगळी झाली. बोंबील आता ज्या गणात मोडतो, त्याच गणातला एक नातेवाईक खोल समुद्राच्या तळाशी परांच्या तीन लांब काट्यांवर उभा राहून भक्ष्याची वाट पाहतो. म्हणजे पावसाळ्यात तुम्ही मिटक्या मारत खाता त्या बोंबलाचे भाऊबंद काळोखात नांदताहेत, हे लक्षात असू द्या.

“आजोबा, पण ज्याला काळोखात लपायचंय तो अंगावर दिवे कशाला लावेल? लगेच सापडेल ना?”

मला वाटलंच होतं तू हे विचारशील. नीट विचार कर. कंदीलमाशाच्या खाली एखादा शिकारी आहे आणि तो वर पाहतोय. वरून मंद निळा उजेड येतोय. मधे मासा आला की त्या उजेडात त्याची काळी सावली दिसणार. बरोबर? शिकारी नेमका त्या सावलीवर झडप घालतो. आता कंदीलमाशानं पोटाखालचे दिवे लावले आणि वरून येणाऱ्या उजेडाइतकाच, त्याच रंगाचा उजेड खाली सोडला, तर सावली उरेल का? नाही उरणार. पोटाचा काळोख पुसला जातो आणि मासा पाण्यात नाहीसा होतो. ढग आला, वरचा उजेड कमी झाला, की तो दिवे मंद करतो. उजेड वाढला की थोडे मोठे करतो. दिवा लावून लपण्याची ही विद्या खोल समुद्रातल्या बऱ्याच जिवांनी वेगवेगळ्या वाटांनी साधली आहे, आणि कंदीलमासे त्यात तरबेज आहेत. बाजूनं पाहणाऱ्यासाठी चांदीचे आरसे, वरून पाहणाऱ्यासाठी काळी पाठ, खालून पाहणाऱ्यासाठी दिवे. तिन्ही दिशांचा बंदोबस्त!

पण सगळ्यांत मोठा बंदोबस्त म्हणजे ते बिनप्राणवायूचं पाणी. कुपा मासा तुम्ही पाहिलाय, टोकदार शेपटीचा, वेगवान, तांबड्या मांसाचा. एवढ्या वेगानं पोहायचं तर त्याला प्राणवायू भरपूर लागतो. तो त्या थरात डुबकी मारेल, पण तिथे ठाण मांडून शिकार करणं त्याला परवडणारं नाही. म्हणजे जी जागा आपल्याला मरणाची वाटते ती कंदीलमाशाला दिवसाच्या उजेडात लपायची जागा ठरली.

त्याची किंमत त्याला मोजावी लागतेच. पाणबुडीतून खाली गेलेल्या शास्त्रज्ञांनी कंदीलमासे दिवसा पाहिले तेव्हा त्यांतले पुष्कळ पाण्यात उभ्यानं स्तब्ध लोंबकळत होते. डोकं वर किंवा खाली, हालचाल जवळजवळ नाही. हालचाल नाही म्हणजे प्राणवायूचा खर्च नाही. त्यात पाणी थंड, आणि थंडीत शरीराची सगळी यंत्रं सावकाश चालतात. कल्ले त्या विरळ प्राणवायूतूनही जेवढा मिळेल तेवढा ओढून घेतात. अशा रीतीनं अख्खा दिवस काढायचा आणि संध्याकाळची वाट पाहायची.

आणि संध्याकाळ झाली की जे सुरू होतं, ते या पृथ्वीवरचं प्राण्यांचं सगळ्यांत मोठं स्थलांतर आहे. हिमालयावरून येणारे चक्रवाक मोठे प्रवासी आहेत, आपल्या ठाणे खाडीतले रोहितही दरवर्षी लांबून येतात. पण ते वर्षातून एकदा येतात-जातात. हे स्थलांतर जगातल्या प्रत्येक महासागरात रोज होतं, आणि माणसाला त्याचा खरा आवाका कळायला लागला तो दुसऱ्या महायुद्धात.

१९४२ ची गोष्ट. अमेरिकेत सॅन डिएगोच्या समुद्रात काही शास्त्रज्ञ आवाजाच्या मदतीनं शत्रूच्या पाणबुड्या शोधण्याचा अभ्यास करत होते. पाण्यात आवाज सोडायचा आणि तो कुठून परत येतो ते ऐकायचं. तळावरून आवाज परत यावा हे ठरलेलं. पण इथे तळाच्या खूप आधीच, काही शे मीटरवरूनच, एक धूसर प्रतिध्वनी परत यायला लागला. समुद्राच्या मध्यात दुसरा तळ असावा तसा! आणि संध्याकाळ झाली की हा ‘तळ’ वर चढायचा, पहाटे खाली उतरायचा. खडक तर चढत-उतरत नाहीत. १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन यांनी दाखवून दिलं, की हा थर सजीवांचा आहे आणि तो उजेडापासून पळतोय. पुष्कळ कंदीलमाशांच्या पोटात हवेची छोटी पिशवी असते. त्या हवेवर आदळून आवाज मागे फिरतो. मासे इतक्या दाटीनं होते, की यंत्रांना ते जमिनीइतके भरीव वाटले.

अरबी समुद्रातही हा थर आहे आणि त्यात आपला नायक आहे. ‘सागर संपदा’ हे आपल्या देशाचं संशोधन जहाज १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधून घेतलं. कोचीच्या सागरी सजीव संसाधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी त्यावरून आपल्या समुद्रातले हे थर ध्वनियंत्रानं पाहिले, त्यांत जाळी टाकली आणि कंदीलमासे वर काढले. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची. समुद्रातल्या त्या बिनप्राणवायूच्या थराचा अभ्यास तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे.

आता चढण पाहा. सूर्य मावळतीला टेकला. वरून येणारा निळा उजेड पातळ होऊ लागला. कंदीलमासा हलला. तो त्याला सोसेल एवढ्याच उजेडात राहतो, आणि तेवढा उजेड आता वर सरकतोय, त्याच्या मागोमाग मासाही वर. तीनशे मीटरची चढण तासा-दीड तासात. पाच सेंटिमीटरच्या माशानं तीनशे मीटर चढणं म्हणजे स्वतःच्या लांबीच्या सहा हजार पट. तुमची उंची सव्वा मीटर धरली तर तुम्हाला साडेसात किलोमीटर जावं लागेल, म्हणजे वाशी स्टेशनापासून चालत निघून बेलापूर जवळ यायला लागेपर्यंत. जेवायला एवढं अंतर जायचं आणि जेवून तेवढंच परत यायचं. रोज. वाटेत एकतीस वातावरणांचा दाब जवळजवळ एकावर येतो, थंड पाण्यातून गरम पाण्यात शिरायचं असतं, आणि जवळपास बिनप्राणवायूच्या जागेतून भरपूर प्राणवायूत.

“आणि पौर्णिमेला? तेव्हा तर रात्रीसुद्धा उजेड असतो!”

शाब्बास! पौर्णिमेच्या चांदण्यात कंदीलमासे आणि त्यांच्या बरोबरीचे जीव नेहमीपेक्षा खोल थांबतात. अमावस्येच्या काळोखात ते पार पृष्ठभागापर्यंत येतात. आपले कोळीदादा तिथीवरून उधाण आणि भांग ठरवतात, कारण चंद्र पाणी ओढतो. कंदीलमासा चंद्र ओळखतो तो त्याच्या उजेडावरून. आणि खग्रास सूर्यग्रहणात काय होतं माहीत आहे? भर दुपारी काळोख पडला की हा थर वर चढायला लागतो, आणि सूर्य पुन्हा उघडला की माघारी फिरतो. शास्त्रज्ञांनी हे ध्वनियंत्रावर नोंदवून ठेवलं आहे. त्यावरूनही पक्कं समजलं, की हुकूम उजेडाचा आहे.

वर पोचला की तो खातो. कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले टाचणीच्या टोकाएवढे जीव, आणि तसलेच इतर बारके प्राणी. रात्रभर पोट भरणं चालतं, आणि त्याच्यावर पोट भरणारेही तिथे हजर असतात. जांभळ्या पाठीचा माकूल, कुपा, डॉल्फिन, असे कितीतरी. खोल समुद्रातला कुपा पाटीत येतो तेव्हा त्याच्या वाढीत कंदीलमाशाचा वाटा असतो. आपला नायक बाजारात येत नाही असं मी आधी म्हणालो, पण दुसऱ्याच्या अंगानं तो येतच असतो.

याच रात्रीच्या समुद्रात त्यांची लग्नंही जुळतात. अडीचशे जाती, सगळ्या छोट्या, काळोखात फिरणाऱ्या. आपला जोडीदार आपल्याच जातीचा आहे हे ओळखायचं कसं? दिव्यांवरून. प्रत्येक जातीची दिव्यांची मांडणी वेगळी. कुणाचे दोन दिवे शेपटीजवळ, कुणाची ओळ कुशीवर तिरपी. शास्त्रज्ञसुद्धा जात ओळखायला हेच दिवे मोजतात. बऱ्याच जातींत शेपटीच्या देठावर एक जास्तीचा उजेडाचा पट्टा असतो, नराचा वरच्या बाजूला आणि मादीचा खालच्या. तेवढ्यावरून समोर नर आहे की मादी हे कळतं. मादी अंडी पाण्यातच सोडते. त्यांतून निघालेली पिल्लं आधी वरच्या पाण्यात वाढतात, आणि अंगावर दिवे उमटले की मोठ्यांबरोबर खाली जाऊ लागतात. आपल्या नायकाचं आयुष्य जेमतेम वर्षाचं. तेवढ्यात वाढायचं, अंडी घालायची आणि संपायचं.

हे वय कसं कळलं, ते सांगतो. घोळ किंवा ढोमीचं डोकं फोडलं तर आत पांढरे खडे निघतात, पाहिलेत ना? ते माशाच्या कानातले खडे. तोल सांभाळायला आणि ऐकायला त्यांचा उपयोग होतो. जवळजवळ सगळ्या माशांना ते असतात. १९७१ मध्ये जॉर्जिओ पनेला यांनी दाखवून दिलं, की या खड्यांवर रोज एक सूक्ष्म वलय चढतं. कंदीलमाशाचा खडा घासून पातळ करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि वलयं मोजायची. किती दिवस जगला ते त्यातच लिहिलेलं असतं.

आता पहाट झाली. पूर्वेला फटफटायच्या आत कंदीलमासा खाली निघाला. त्याचं पोट भरलेलं आहे. खाली गेल्यावर तो ते पचवणार, श्वास सोडणार, विष्ठा टाकणार. आपण गाड्या, कारखाने, वीज यांसाठी जो कोळसा आणि तेल जाळतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला काही समुद्रात विरघळतो, काही वरच्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती आपल्या अंगात घेतात. त्या वनस्पतींना कोपेपॉड खातात आणि कोपेपॉडना कंदीलमासा. रात्री वर खाल्लेला कार्बन तो दिवसा तीनशे मीटर खाली पोचवतो. वर राहिला असता तर त्यातला बराच लवकरच हवेत परतला असता. खोल गेला की तो खूप काळ खालीच राहतो. एका माशाचा वाटा चिमूटभरही नाही, पण असे मासे किती आहेत?

१९७५-७६ मध्ये ‘डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन’ या नॉर्वेच्या संशोधन जहाजानं अरबी समुद्रात मोजणी केली. त्यावरून या थरातल्या लहान माशांचं वजन सुमारे १० कोटी टन निघालं, आणि त्यांत आपला नायक सगळ्यांत पुढे. पुढच्या मोजण्यांत हा आकडा खाली आला. सगळ्या जगासाठी १९८० मध्ये १०० कोटी टनांचा अंदाज होता. २०१० ते २०११ मध्ये स्पेनच्या मालास्पिना मोहिमेनं महासागर ओलांडत ध्वनियंत्रानं मोजणी केली आणि २०१४ मध्ये तिच्या शास्त्रज्ञांनी म्हटलं, की १००० कोटी टनही असतील. एवढा फरक का? कारण हे मासे जाळं येताना ओळखतात आणि बाजूला होतात. जाळ्यानं मोजलं तर थोडे भरतात, आवाजानं मोजलं तर फार. जगातली सगळी समुद्री मासेमारी वर्षाला ८ कोटी टनांच्या आसपास आहे, हे ध्यानात घ्या म्हणजे या आकड्यांचं वजन कळेल.

“मग सगळे का नाही पकडत?”

पकडायचा विचार चालू आहेच, बाळा. इराणनं ओमानच्या आखातात तसे प्रयत्न केले आहेत. हा मासा ताटात वाढण्यासाठी नको आहे. वाळवून, दळून कोंबड्यांच्या आणि तळ्यातल्या माशांच्या खाद्यात घालण्यासाठी हवा आहे. आजवर तो वाचला तो खोलीमुळे आणि डिझेलच्या खर्चामुळे. उद्या यंत्रं सुधारतील, खर्च उतरेल.

तिकडे समुद्रही बदलतो आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगातल्या समुद्रांनी सुमारे २ टक्के प्राणवायू गमावला आहे. कंदीलमासा कमी प्राणवायूत दिवस काढायला शिकला आहे, पण त्यालाही रात्री वर जाऊन श्वास भरून घ्यावा लागतो. वरच्या चांगल्या पाण्याचा थर जितका पातळ होईल, तितकी त्याची आणि कुप्याची गाठ अरुंद जागेत पडेल. आणि पॅसिफिक महासागरात पकडलेल्या कंदीलमाशांच्या पोटांत प्लॅस्टिकचे बारीक तुकडे सापडले आहेत. इथल्या नाल्यात टाकलेल्या पिशव्या ओहोटीबरोबर खाडीत जातात. तिवरांच्या मुळांत काही अडकतात, बाकीच्या आपण मघाशी होडीनं गेलो त्याच वाटेनं जातात.

म्हणून तुम्हाला ही गोष्ट सांगितली. एक जागा काळी आहे, थंड आहे, तिथे प्राणवायू नाही, म्हणून ती ओसाड आहे असं माणसाला वाटत होतं. तीच जागा वरच्या समुद्राला जेवू घालते आणि आपल्या हवेतला कार्बन पोटात घेते. हे काम करणारा मासा करंगळीएवढा आहे आणि त्याचं कौतुक करायला तिथे कुणी नाही.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी मत्स्यशास्त्र शिकेल, कुणी जहाजावर जाईल, कुणी सरकारी कागदावर सही करेल. तेव्हा कुणीतरी म्हणेल, समुद्रात कोट्यवधी टन मासा कुणाच्याही उपयोगाविना पडून आहे, काढा. त्या दिवशी तीन प्रश्न विचारा. हा मासा आज कोण खातं आणि उद्या ते काय खातील? तो रोज जो कार्बन खाली नेतो, तो त्याच्यानंतर कोण नेईल? आणि वर्षाला जेवढे जन्मतात, त्यातले किती काढले तर पुढच्या वर्षी तेवढेच असतील? तिन्हीची उत्तरं आकड्यांत मागा. ती कुणाकडे नसतील, तर जहाज घ्या, ध्वनियंत्र घ्या, कानातले खडे घासा, वलयं मोजा आणि उत्तरं तुम्ही शोधा. जाळं त्यानंतर.